आयर्लंडमधली माध्यमिक शाळा: नुकत्याच आलेल्या मराठी पालकांसाठी

नोकरी मिळाली, परमिट हातात आलं, भाड्याचं घरही महत्प्रयासाने मिळालं. आता बारा-तेरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला शाळेत घालायचंय, आणि डब्लिनमधल्या शाळांची यादी समोर ठेवली तर काहीच उलगडत नाही. निम्म्या नावांत संत आहेत. काहींच्या नावापुढे सीबीएस, काहींच्या पुढे कम्युनिटी कॉलेज, काहींच्या पुढे गेलकोलाश्ता. कोणती सरकारी, कोणती खाजगी, कोणती चांगली? २०२२ च्या जनगणनेत इथे भारतीय नागरिकांची संख्या ४५ हजारांच्या वर गेली होती. त्यांच्यातली मराठी कुटुंबं दर उन्हाळ्यात एकमेकांना हेच प्रश्न विचारत असतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझं एक ठाम मत आहे. इथल्या शाळेच्या रीतीभाती नुसत्या पाठ करून उपयोग नाही. ती शाळा कशी घडली हे थोडं समजून घेतलं, तर कुठे जोर लावायचा आणि कुठे निवांत राहायचं हे आपोआप कळतं. म्हणून पायरीपायरीने जाताना मध्ये मध्ये इतिहासही सांगणार आहे.

पहिली पायरी: इयत्ता जुळवून घ्या

इथली प्राथमिक शाळा आठ वर्षांची असते: ज्युनियर इन्फंट्स, सीनियर इन्फंट्स आणि मग पहिली ते सहावी. त्यानंतर माध्यमिक शाळा सुरू होते आणि मोजणी पुन्हा एकपासून. फर्स्ट इयरला मूल साधारण बारा-तेरा वर्षांचं असतं. पहिली तीन वर्षं ज्युनियर सायकल, मग बहुतेक शाळांत ट्रान्झिशन इयर नावाचं एक ऐच्छिक वर्ष (सगळे त्याला टीवाय म्हणतात), आणि शेवटची दोन वर्षं सीनियर सायकल. तिच्या शेवटी लीव्हिंग सर्टिफिकेट परीक्षा. आपली बारावी म्हणजे इथलं ‘लीव्हिंग’.

भारतातून मधेच आलेल्या मुलाला शाळा सहसा वयानुसार बसवते. तिकडे सातवी झाली असेल तर इथे बहुधा फर्स्ट किंवा सेकंड इयर. दहावीची परीक्षा देऊन आलेलं सोळा वर्षांचं मूल टीवायला जाऊ शकतं किंवा थेट फिफ्थ इयरला, म्हणजे सीनियर सायकलच्या पहिल्या वर्षाला. ‘आमचा मुलगा हुशार आहे, एक वर्ष पुढे बसवा’ असा आग्रह धरू नका. वर्गातली मुलं एकाच वयाची असावीत याला इथे फार महत्त्व आहे. आणि नव्या देशात मित्र मिळणं हे मुलाच्या दृष्टीने गणिताच्या धड्याइतकंच मोठं काम असतं.

दुसरी पायरी: पाटीवरचं नाव वाचायला शिका

देशात सव्वासातशेच्या आसपास माध्यमिक शाळा आहेत. ढोबळमानाने त्यांचे तीन वर्ग पडतात, आणि हे वर्ग कुणी एका बैठकीत ठरवलेले नाहीत. तीनशे वर्षांच्या भांडणांतून ते तयार झाले.

सुरुवात १६९५ च्या कायद्यापासून करू. इंग्रजी सत्तेखालच्या आयर्लंडमध्ये कॅथलिकांना शाळा चालवायला आणि मुलांना शिकायला परदेशी पाठवायला बंदी घालण्यात आली. लोकांनी चोरून शाळा चालवल्या. कुंपणाच्या आडोशाला, गोठ्यात, पडक्या झोपडीत. त्यांना ‘हेज स्कूल’ म्हणत. शिक्षक गावोगाव फिरत आणि पालक जमेल तशी फी देत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही बंदी सैल झाली आणि धार्मिक संस्थांनी ती जागा भरून काढली. कॉर्कमध्ये नॅनो नेगल यांनी १७७५ मध्ये प्रेझेंटेशन सिस्टर्स या नन्सच्या संस्थेची सुरुवात केली. वॉटरफर्डचे व्यापारी एडमंड राइस यांनी १८०२ मध्ये गरीब मुलांसाठी एका तबेल्यात शाळा काढली आणि त्यातून ख्रिश्चन ब्रदर्स ही संस्था उभी राहिली. पाटीवर सीबीएस दिसलं की ती शाळा मूळची या ब्रदर्सची, म्हणजे ख्रिश्चन ब्रदर्स स्कूल. डब्लिनच्या रॅथफार्नममध्ये टेरेसा बॉल यांनी लोरेटो या नन्सच्या संस्थेचं काम सुरू केलं. १९२८ मध्ये एक अल्बेनियन तरुणी इंग्रजी शिकायला काही आठवडे तिथेच राहिली आणि तिथून भारतात आली. पुढे जग तिला मदर तेरेसा म्हणून ओळखू लागलं.

अशा शाळांना इथे ‘व्हॉलंटरी सेकंडरी’ म्हणतात. मालकी ट्रस्टची, पण शिक्षकांचा पगार सरकार देतं आणि अभ्यासक्रमही सरकारीच. आता बहुतेक ठिकाणी ब्रदर किंवा सिस्टर शिकवायला उरलेले नाहीत. कारभार एडमंड राइस स्कूल्स ट्रस्टसारख्या संस्था पाहतात. त्यामुळे नावात संत आहे म्हणून घाबरून जायचं कारण नाही. धर्माच्या शिकवणुकीच्या तासाला मुलाला बसवायचं नसेल तर तो हक्क इथल्या राज्यघटनेतच दिलेला आहे. अशा मुलांची त्या वेळात काय सोय करणार हे शाळेने आपल्या प्रवेश धोरणात लिहिणं बंधनकारक आहे. ते धोरण शाळेच्या संकेतस्थळावर असतं, ते आधी वाचा. एक फरक मात्र ध्यानात घ्या. ‘रिलिजस एज्युकेशन’ हा परीक्षेचा विषय वेगळा आहे. त्यात जगातल्या अनेक धर्मांचा अभ्यास असतो, हिंदू धर्माचाही. आपली कितीतरी मुलं तो आवडीने घेतात.

दुसरा वर्ग ईटीबीच्या शाळांचा, म्हणजे कम्युनिटी कॉलेज. ‘कॉलेज’ हा शब्द बघून गोंधळू नका, ती माध्यमिक शाळाच असते. १९३० च्या व्होकेशनल एज्युकेशन कायद्याने सुतारकाम, धातुकाम, गृहशास्त्र शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. त्यांना लोक ‘द टेक’ म्हणत. शेतमजुरांची आणि कामगारांची मुलं तिथे जात, आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तिथून लीव्हिंग सर्ट देण्याची सोयच नव्हती. तो शिक्का बरीच वर्षं टिकला. वयस्कर आयरिश शेजारी आजही कधी कधी त्या सुरात बोलतात. तुम्ही मात्र त्यावर जाऊ नका. २०१३ पासून देशात १६ एज्युकेशन अँड ट्रेनिंग बोर्ड्‌स म्हणजे ईटीबी आहेत. त्यांच्या शाळा कोणत्याही एका पंथाशी बांधलेल्या नाहीत. पुष्कळ नव्या वसाहतींमधल्या सर्वांत सुसज्ज इमारती त्यांच्याच असतात.

तिसरा वर्ग कॉम्प्रिहेन्सिव्ह आणि कम्युनिटी स्कूलचा. १९६६ मध्ये कॅरारो, कूटहिल आणि शॅनन इथे पहिल्या कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा उघडल्या. पुस्तकी आणि तांत्रिक शिक्षण एकाच छपराखाली आणायचं हा त्यामागचा विचार. याशिवाय एज्युकेट टुगेदर या संस्थेच्या, धर्माच्या छत्राखाली नसलेल्या माध्यमिक शाळा २०१४ पासून सुरू झाल्या आहेत. गेलकोलाश्तात सगळं शिक्षण आयरिश भाषेतून चालतं. प्राथमिक शाळा आयरिश माध्यमातून झालेली नसेल तर नव्याने आलेल्या मुलाला ती जड जाईल.

फी घेणाऱ्या शाळा पन्नासच्या आसपास आहेत. आपल्याकडे ‘फी जास्त म्हणजे शाळा चांगली’ हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून स्पष्टच सांगतो: इथे त्याची गरज नाही. शिक्षक त्याच पात्रतेचे, पुस्तकं तीच, परीक्षाही तीच.

शिक्षण मोफत कसं झालं त्याची कथा इथल्या प्रत्येक आजी-आजोबांना ठाऊक असते. १० सप्टेंबर १९६६ रोजी डन लेरीमध्ये पत्रकारांच्या कार्यक्रमात शिक्षणमंत्री डोनाह ओ’मॅली बोलायला उभे राहिले. दरवर्षी सुमारे १७ हजार मुलं प्राथमिक शाळेनंतर शिक्षण सोडतात, हा देशाच्या सदसद्विवेकावरचा डाग आहे, असं ते म्हणाले आणि माध्यमिक शिक्षण मोफत करण्याची घोषणा त्यांनी तिथेच केली. मंत्रिमंडळाची रीतसर मंजुरी नव्हती. अर्थमंत्री जॅक लिंच यांना विश्वासात घेतलेलं नव्हतं. पण लोकांनी ती घोषणा अशी उचलून धरली की मागे फिरणं कुणालाच शक्य झालं नाही. १९६७ मध्ये योजना सुरू झाली, आणि खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी मोफत बसही. ओ’मॅली मार्च १९६८ मध्ये वारले. आज ज्या शाळेत आपल्या मुलाला एक युरो फी न देता घेतलं जातं, त्या दरवाजावर या माणसाचा हात आहे.

याच इतिहासाची काळी बाजूही पालकांना माहीत असावी. धार्मिक संस्थांच्या शाळांमधल्या लैंगिक अत्याचारांबद्दल सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी प्राथमिक चौकशीचा अहवाल आला. त्यात ३०८ शाळांशी संबंधित सुमारे २,४०० आरोपांची नोंद आहे. शारीरिक शिक्षेवर इथे १९८२ मध्येच बंदी आली. आज प्रत्येक शाळेच्या दर्शनी भागात बालसुरक्षेचं निवेदन लावलेलं असतं आणि शिक्षकांवर संशयास्पद गोष्ट कळवण्याची कायदेशीर जबाबदारी असते. मुलांच्या संघाला क्रिकेट शिकवायला तुम्ही स्वतः गेलात तरी आधी पोलिसांकडून गार्डा व्हेटिंग, म्हणजे पार्श्वभूमीची तपासणी होते. कुणी तुमच्यावर अविश्वास दाखवतंय असं समजू नका. फॉर्म आनंदाने भरा.

तिसरी पायरी: अर्ज वर्षभर आधी

इथे मराठी कुटुंबं हमखास अडकतात. पुढच्या ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या वर्गाचे अर्ज आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरनंतर उघडतात, आणि अनेक शाळांची मुदत काही आठवड्यांतच संपते. मूल सहावीत गेलं की सप्टेंबरपासूनच चार-पाच शाळांची प्रवेश सूचना शोधून ठेवा. ‘ओपन नाइट’ला मुलाला घेऊन जा. इतर पालकांशी बोला, प्रयोगशाळा आणि सुतारकामाची खोली बघा.

२०१८ च्या प्रवेश कायद्यामुळे प्रवेश परीक्षा, देणगी, मुलाखत हे प्रकार जवळपास गेले. जागा शिल्लक असतील तर शाळेला नाही म्हणता येत नाही. जागा कमी आणि अर्ज जास्त असले तरच निकष लागतात: भावंडं तिथे शिकतात का, परिसर कोणता, कोणत्या प्राथमिक शाळेतून आला. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसाठी शाळा जास्तीत जास्त एक चतुर्थांश जागा ठेवू शकते. काही धार्मिक शाळा अशा वेळी आपल्या पंथाच्या मुलांना प्राधान्यही देऊ शकतात. म्हणून एकाच शाळेवर भरवसा ठेवू नका, आणि घर भाड्याने घेताना जवळच्या शाळांचे निकष आधी बघून घ्या. वर्षाच्या मधे आलात तर जवळच्या सगळ्या शाळांकडे लेखी अर्ज करा आणि लेखी उत्तर मागा. नकार मिळाला तर कलम २९ खाली अपील करता येतं. कुठेच जागा मिळेना, तर टुस्ला या सरकारी संस्थेचे शिक्षण कल्याण अधिकारी मदत करतात.

चौथी पायरी: कागद आणि खर्च

मुलाचा जन्मदाखला, पासपोर्ट, पीपीएस नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक), पत्त्याचा पुरावा, तिकडच्या शाळेची शेवटच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि लसीकरणाची नोंद, एवढं बरोबर ठेवा. लसीकरणाची नोंद भारतातून निघतानाच बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत लिहून आणलीत तर खूप धावपळ वाचते. फर्स्ट इयरला आरोग्य खात्याचे लोक शाळेत येऊन एचपीव्ही, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला आणि मेनिंजायटिसची लस देतात. संमतिपत्र घरी येतं.

फी नाही, आणि २०२५ पासून फी न घेणाऱ्या सर्व शाळांत सर्व इयत्तांची पुस्तकंही मोफत आहेत. गणवेशाचा खर्च मात्र येतो, विशेषतः शाळेचं चिन्ह विणलेल्या स्वेटरचा. शाळा ‘व्हॉलंटरी काँट्रिब्यूशन’ मागते ते खरोखरच ऐच्छिक आहे. न दिल्याने मुलाचं कुठलंही नुकसान करता येत नाही. झेपत असेल तर द्या, कारण त्यातून शाळा आपले रोजचे खर्च भागवते. नसेल झेपत तर ओशाळू नका.

पाचवी पायरी: पहिले काही महिने

शाळा ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते. माध्यमिक शाळेचे वर्षाला साधारण १६५ दिवस भरतात, जूनपासून तीन महिने सुट्टी. सकाळी साडेआठ-पावणेनऊला घंटा, बुधवारी बऱ्याच शाळा दुपारी लवकर सुटतात. मुलाला लॉकर मिळतो. तासानुसार मुलंच वर्ग बदलतात, शिक्षक आपल्या खोलीत थांबतात. सगळ्यांच्या हाती ‘जर्नल’ नावाची वही असते. रोजचा गृहपाठ त्यात लिहायचा, शिक्षकांना काही कळवायचं असेल तर त्यातच आणि पालकांची सहीही त्यातच. अनेक शाळांत हजेरी आणि निरोप आता फोनवरच्या अ‍ॅपवर येतात, तरी जर्नल रोज उघडून बघण्याची सवय लावा.

काही अडलं तर थेट मुख्याध्यापकांकडे जाऊ नका. आधी क्लास ट्यूटर, मग इयर हेड, मग डेप्युटी प्रिन्सिपल, असा क्रम आहे. इंग्रजी कमजोर असेल तर जादा इंग्रजीच्या आधाराची मागणी पहिल्याच भेटीत करा. आपली मुलं लिहितात ठीक, पण वेगवान आयरिश उच्चार समजायला वेळ लागतो, हे शिक्षकांना सांगायला हरकत नाही.

पालकसभा पहिल्यांदा बघाल तेव्हा गंमत वाटेल. मोठ्या हॉलमध्ये रांगेने टेबलं मांडलेली, प्रत्येकावर विषयाचं आणि शिक्षकाचं नाव लिहिलेला कागद. पालक एका टेबलावरून उठून दुसऱ्या रांगेत उभे राहतात. एकेका शिक्षकाबरोबर पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. ‘वर्गात कितवा नंबर आहे?’ हा प्रश्न तिथे विचारू नका. नंबर काढतच नाहीत. त्याऐवजी विचारा: वर्गात हात वर करतो का? डबा कुणाबरोबर खातो? हायर लेव्हल (विषयाची वरची पातळी) झेपेल असं तुम्हाला वाटतं का? शिक्षक लगेच मोकळे होऊन बोलतात.

आता आयरिश भाषा. ती इथे सक्तीची आहे आणि मुलं प्राथमिक शाळेपासून शिकत आलेली असतात. पुष्कळ वर्गांत बाहेर जायची परवानगीसुद्धा आयरिशमध्येच मागायची असते. परदेशात शिकून साधारण बारा वर्षांचं झाल्यावर इथे आलेल्या मुलाला सूट मिळू शकते. त्यासाठी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करायचा आणि मिळालेलं प्रमाणपत्र जपून ठेवायचं. नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ आयर्लंडच्या कॉलेजांत जायचं असेल तर त्यांच्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो, शाळेची सूट तिथे आपोआप चालत नाही. मूल लहान असताना आलं असेल तर मात्र सूट मागण्यापेक्षा शिकू द्या. आपल्या मुलांना दोन-तीन भाषांची सवय असते, त्यांना ती चांगली जमते. आणि आपलीच भाषा मागे पडल्याचं दुःख या लोकांना किती आहे, हे त्या तासाला बसल्याशिवाय समजत नाही.

पॅट्रिक पिअर्स यांनी १९०८ मध्ये स्कोल एअना ही द्विभाषिक शाळा काढली ती याच दुःखातून. मुलांना परीक्षेसाठी घासून काढणाऱ्या ब्रिटिश व्यवस्थेवर त्यांनी आयुष्यभर टीका केली. शाळेला पैशांची चणचण भासली, तेव्हा मे १९१३ मध्ये डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरने मदतीचा खेळ केला. त्यात पिअर्स यांच्या नाटकाबरोबर रवींद्रनाथ टागोरांचंही नाटक सादर झालं. तीन वर्षांनी, १९१६ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावानंतर, पिअर्स यांना गोळ्या घालण्यात आल्या. रॅथफार्नममधली त्यांची शाळा आता संग्रहालय आहे. मुलांना घेऊन एकदा जाऊन या.

हजेरीबद्दल एक सावधगिरी

वर्षात वीस दिवस किंवा जास्त गैरहजेरी झाली की शाळेला टुस्लाला कळवावंच लागतं. मामाचं लग्न, आजीची पंच्याहत्तरी, स्वस्त तिकीट, यांपैकी कशालाही मुख्याध्यापक मंजुरी देऊ शकत नाहीत. भारतवारी नाताळच्या, ईस्टरच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत बसवा. ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर मिडटर्मची सुट्टी असते आणि काही वर्षी दिवाळी नेमकी त्यातच येते, तसं २०२४ मध्ये झालं होतं.

सहावी पायरी: ज्युनियर सायकल आणि टीवाय

ज्युनियर सायकलमध्ये इंग्रजी, आयरिश, गणित आणि इतिहास सगळ्यांना. बाकी विषय निवडायचे असतात. फर्स्ट इयरमध्ये अनेक शाळा प्रत्येक विषयाची थोडी थोडी चव देतात. वुड टेक्नॉलॉजी, ग्राफिक्स, होम इकॉनॉमिक्स हे विषय बघून आपले पालक नाकं मुरडतात. मुरडू नका. मुलाने स्वतः रंधा मारून, पॉलिश करून घरी आणलेली छोटी पेटी बघा, तिच्यात मापं आहेत, भूमिती आहे, चिकाटी आहे. परीक्षेतही त्या प्रकल्पाला गुण असतात. तीन वर्षांच्या शेवटी जूनमध्ये परीक्षा होते, पण तिच्या गुणांवर पुढचा कुठलाही प्रवेश ठरत नाही. त्या परीक्षेसाठी मुलाची झोप उडवू नका.

मग येतं टीवाय, आणि इथे मला सविस्तर बोलायचंय, कारण ‘एक वर्ष वाया’ हे वाक्य मराठी घरांत फार ऐकू येतं.

परीक्षेचा हा जाच जुना आहे. १८७८ च्या इंटरमीडिएट एज्युकेशन कायद्याने चर्चच्या जुन्या निधीतले दहा लाख पौंड बाजूला काढले आणि त्यावरचं व्याज शाळांना परीक्षेच्या निकालाप्रमाणे वाटायला सुरुवात केली. जितकी मुलं पास, तितके पैसे. साहजिकच शाळा घोकंपट्टीचे कारखाने झाल्या. त्या कायद्याने एक मोलाचं कामही केलं. मुलींना त्याच परीक्षांना मुलांच्या बरोबरीने बसता आलं. आयर्लंडच्या स्वातंत्र्यानंतर निकालावरचे पैसे बंद झाले. १९२५ पासून इंटरमीडिएट आणि लीव्हिंग सर्टिफिकेट सुरू झाली, पण परीक्षेची सवय अंगात मुरलेलीच राहिली. १९७४ मध्ये शिक्षणमंत्री रिचर्ड बर्क यांनी या चक्रातून मुलांना वर्षभर सोडवायचं ठरवलं. सुरुवात तीन शाळांत झाली, १९९४ पासून ते देशभर पसरलं.

त्या वर्षात मुलं काय करतात? दोन-चार आठवडे खऱ्या कामाच्या ठिकाणी जातात: दवाखाना, गॅरेज, रेडिओ केंद्र, वकिलाचं ऑफिस. छोटी कंपनी काढून नफा-तोटा मांडतात. शाळेचं संगीत नाटक बसवतात. गॅश्का हे राष्ट्राध्यक्षांच्या नावाचं पदक मिळवायला डोंगर चढतात आणि वृद्धाश्रमात मदत करतात. जो मुलगा इथे येऊन दोनच वर्षं झाली आणि अजून दबून असतो, तो या वर्षात खुलतो. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. दहावी देऊन आलेल्या मुलासाठी तर टीवाय म्हणजे श्वास घ्यायला मिळालेली फट आहे: भाषा सुधारते, विषय कळतात, मित्र होतात, आणि मग लीव्हिंगची दोन वर्षं नीट पेलतात. अपवाद एकच. मुलाचं वय आधीच वर्गापेक्षा जास्त असेल तर इयर हेडशी बोलून ठरवा. सहली आणि उपक्रमांचे पैसे काही शाळा घेतात, ते आधी विचारून घ्या.

विज्ञानाची आवड असेल तर टीवायची वाट न बघता यंग सायंटिस्ट प्रदर्शनाची चौकशी करा. १९६५ पासून दर जानेवारीला ते भरतं. २०२२ चं पारितोषिक डब्लिनच्या सिंज स्ट्रीट सीबीएसमधल्या दोन मुलांनी मिळवलं, दोघांचंही नाव आदित्य, दोघंही थर्ड इयरची, आणि विषय बर्नूलीच्या नावाने ओळखला जाणारा भूमितीचा जुना प्रश्न. ही शाळा ख्रिश्चन ब्रदर्सनी १८६४ मध्ये काढलेली. माजी राष्ट्राध्यक्ष कॅरल ओ’डाली आणि माजी पंतप्रधान लिअम कॉस्ग्रेव्ह तिथलेच विद्यार्थी. जुन्या आयरिश शाळांच्या कॉरिडॉरमध्ये दरवर्षीच्या लीव्हिंग सर्ट तुकडीचे फोटो ओळीने लावलेले असतात. त्यांच्यासमोरून चालत गेलात की मर्फी, केली, बर्न यांच्यामध्ये हळूहळू पोलिश, नायजेरियन, फिलिपिनो आणि आपली नावं येऊ लागलेली दिसतील.

सातवी पायरी: लीव्हिंग आणि पॉइंट्स

बहुतेक मुलं सहा-सात विषय घेतात. प्रत्येक विषय हायर किंवा ऑर्डिनरी पातळीवर देता येतो. कॉलेजचे प्रवेश सीएओ या गॉलवेमधल्या केंद्रामार्फत होतात. सर्वोत्तम सहा विषयांचे पॉइंट्स धरतात. हायरला ९०च्या वर गुण म्हणजे एच-१, १०० पॉइंट्स. एच-२ ला ८८, एच-३ ला ७७, एच-४ ला ६६, एच-५ ला ५६. हायर गणितात किमान ४० टक्के मिळाले की २५ पॉइंट्स जादा. म्हणून कमाल ६२५.

समजा मुलीला गणितात एच-२, बायॉलॉजीत एच-२, फिजिक्स, केमिस्ट्री आणि भूगोलात एच-३, इंग्रजीत एच-४ मिळाले. गणिताचे ८८ अधिक २५ म्हणजे ११३, बायॉलॉजीचे ८८, एच-३ चे तीन वेळा ७७, इंग्रजीचे ६६. एकूण ४९८. ऑर्डिनरीला ९०च्या वर मिळाले तरी ५६ पॉइंट्सच, आणि हायरला ५० ते ५९ गुणांना तेवढेच. म्हणून गणित शक्यतो हायरच ठेवावं, पण रडत नव्हे. पातळी बदलता येते.

पद्धतही बदलते आहे. सप्टेंबर २०२५ पासून फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, बिझनेस अशा काही विषयांत किमान ४० टक्के गुण प्रकल्प किंवा प्रयोगाला ठेवले आहेत. लेखी परीक्षेच्या महिनाभर आधी रात्रंदिवस अभ्यास करून निभावून नेण्याची आपली जुनी रीत तिथे चालणार नाही. हिंदी आणि मराठी या विषयांच्या परीक्षा लीव्हिंगमध्ये नाहीत, त्यामुळे भाषेचा तिसरा विषय लवकर निवडावा लागतो.

फेब्रुवारीत सराव परीक्षा, तिला ‘मॉक्स’ म्हणतात. मॉक्सला गुण कमी येतात, ते मनावर घेऊ नका. ईस्टरच्या सुमारास तोंडी परीक्षा. आणि जूनच्या बँक हॉलिडेनंतरच्या बुधवारी इंग्रजीच्या पेपरने लीव्हिंग सुरू होतं. त्या आठवड्यात हमखास ऊन पडतं अशी इथल्या लोकांची पक्की समजूत आहे. सीएओचा अर्ज १ फेब्रुवारीपर्यंत भरायचा असतो, पण पसंतीक्रम १ जुलैपर्यंत बदलता येतो. पसंतीक्रमात गेल्या वर्षीचे पॉइंट्स बघून नव्हे, खरोखर आवडीप्रमाणे लिहा. वरची पसंती मिळाली नाही तर खालच्या पसंतीवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. मेडिकलला एचपॅट ही वेगळी चाचणी लागते. खाजगी शिकवणीला ‘ग्राइंड्स’ म्हणतात. एखाद्या विषयात खड्डा पडला असेल तरच लावा. बहुतेक शाळांत संध्याकाळची अभ्यासिका असते, तिने बरंच काम भागतं. सरळ परीक्षेत न रमणाऱ्या मुलांसाठी लीव्हिंग सर्ट अप्लाइड आहे, त्यातून पुढे हातकौशल्याच्या प्रशिक्षणाला चांगली वाट निघते.

आल्या आल्या बघायच्या दोन गोष्टी

मूल सोळा वर्षांचं झालं की त्याची स्वतंत्र इमिग्रेशन नोंदणी करून आयआरपी कार्ड काढावं लागतं. वाढदिवसाच्या आधीच कागद तयार ठेवा, कारण अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट जास्त खर्चाची. कॉलेजची फी सरकार भरणार, युरोपियन दराने लागणार की परदेशी विद्यार्थ्याच्या दराने, हे मुलाचं नागरिकत्व किंवा इमिग्रेशन परवानगी आणि आधीच्या पाच वर्षांतलं किमान तीन वर्षांचं वास्तव्य यांवर ठरतं. फरक वर्षाला हजारो युरोंचा असतो. सिक्स्थ इयरला जागे झालात तर हातात काहीच उरत नाही. नागरिकत्वाचा अर्ज कधी करता येतो, मुलाचा कधी, त्याचं वेळापत्रक शाळेत नाव घातल्याच्या वर्षीच मांडा. राहण्याचे पुरावे, म्हणजे शाळेची पत्रं, भाडेकरार, बँकेची पत्रकं, वर्षावार एका फाइलमध्ये लावत चला.